हार्ड रॉकचे ट्रिब्यूट अल्बम: सारखे सारखे येणारे प्रश्न

कोल्हापुरात हार्ड रॉक ऐकणारे आहेत का असं पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात. आहेत की ओ, भरपूर आहेत, फक्त विखुरलेत, कोण राजारामपुरीत, कोण कसबा बावड्यात, कोण पार कागलला. त्यांचेच हे प्रश्न, बरेचसे फोनवर आलेले, काही रंकाळ्यावर उभ्याउभ्या विचारलेले. सगळं सलग वाचायची गरज नाही, आपल्याला पाहिजे तो प्रश्न बघा, पुढं-मागं कुठं जायचं ते त्या त्या उत्तरात सांगितलंय.

ट्रिब्यूट अल्बम म्हणजे नेमकं काय असतं?

एखाद्या बँडच्या मानासाठी दुसऱ्या कलाकारांनी त्याच बँडची गाणी नव्यानं वाजवून-गाऊन काढलेला अल्बम. बहुतेक वेळा एकेक गाणं एकेका बँडला वाटून दिलेलं असतं, कधी एकच कलाकार अख्खा अल्बम करतो. आपल्याकडं सोनू निगमनं 'रफी की यादें' केलं होतं, तोच प्रकार. मूळ रेकॉर्डिंग गोळा करून काढलेलं 'बेस्ट ऑफ' मात्र ट्रिब्यूट नव्हे, तिथं बँड स्वतःच वाजवत असतो.

मग कव्हर अल्बम आणि ट्रिब्यूट अल्बम एकच की?

नाही. कव्हर अल्बममध्ये एक बँड आपल्या आवडीच्या दहा जणांची गाणी वाजवतो, ट्रिब्यूटमध्ये दहा जण मिळून एका बँडची. मेटालिकाचा १९९८ चा 'गॅराज इंक.', गन्स अँड रोझेसचा १९९३ चा 'द स्पॅगेटी इन्सिडेंट?', डीप पर्पलचा २०२१ चा 'टर्निंग टू क्राइम' हे सगळे कव्हर अल्बम. यात गंमत अशी की ज्या बँडवर दुनिया ट्रिब्यूट काढते तेच बँड म्हातारपणी स्वतः दुसऱ्यांची गाणी वाजवत बसतात.

ट्रिब्यूट बँड म्हणजे पण तेच का?

ते वेगळंच खातं. ट्रिब्यूट बँड स्टेजवर मूळ बँडची हुबेहूब नक्कल करतो, तसेच केस, तसेच कपडे, तशीच गिटार. नक्कल जितकी चोख तितकी शाबासकी जास्त. ट्रिब्यूट अल्बममध्ये बरोबर उलटं आहे, तिथं हुबेहूब वाजवलं की माणूस म्हणतो मग मूळच ऐकतो की. मधे बसणारा एक नमुना म्हणजे ड्रेड झेपलिन. लेड झेपलिनची गाणी, रेगेच्या ठेक्यात, आणि गायक एल्व्हिस प्रेस्लीचा पोशाख घालून. १९९० ला 'अन-लेड-एड' नावाचा अल्बम काढला त्यांनी. खुळ्याचा बाजार वाटतो, पण वाजवतात भारी.

मी नवीन आहे, सुरुवात कशापासून करू?

मला विचाराल तर 'नेटिव्हिटी इन ब्लॅक', १९९४, ब्लॅक सॅबथवरचा. कारण सॅबथची गाणी ट्रिब्यूटसाठीच बनवल्यासारखी आहेत. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, मग त्यानं हलक्या तारा लावल्या, पुढं गिटार खाली ट्यून केली. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' वर बऱ्याच गाण्यांत तारा तब्बल तीन सेमिटोन, म्हणजे पेटीच्या तीन लगतच्या पट्ट्या खाली आहेत. त्यातून आलेले रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, जाड, संथ आणि मोकळे, त्यात दुसऱ्याला आपलं काहीतरी घालायला जागाच जागा. व्हाइट झॉम्बीचं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', बायोहॅझर्डचं 'आफ्टर फॉरएव्हर', करोजन ऑफ कन्फॉर्मिटीचं 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड', तिन्ही गाणी मूळची त्याच एका अल्बममधली, हा काय योगायोग वाटत नाही मला.

त्यातलं मेगाडेथचं 'पॅरानॉइड' शेवटपर्यंत ऐका, हेडफोन लावून. गाणं संपतं, सगळे थांबतात, पण ड्रमर निक मेन्झा आपल्याच नादात वाजवतच राहतो आणि डेव्ह मस्टेन त्याला निक, निक म्हणून ओरडतो. हे त्यांनी कापून टाकलं नाही, तसंच ठेवलं. आणि टाइप ओ निगेटिव्हचं 'ब्लॅक सॅबथ' रात्री ऐका, पीटर स्टीलचा आवाज इतका खाली जातो की स्पीकरवर ठेवलेली चावी थरथरते.

सॅबथ जड वाटला तर डीप पर्पलवरचा 'री-मशीन्ड' घ्या, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

आधी मूळ गाणं ऐकायचं का कव्हर?

मूळ. पण एकदाच नाही, गाणं तोंडपाठ होईपर्यंत. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांना घाई असते, ते थेट कव्हर लावतात आणि मग म्हणतात काय एवढं विशेष आहे यात. विशेष काय ते मूळ माहीत असल्याशिवाय कळणारच नाही, कारण इथं सगळी मजा काय बदललं त्यातच असते. अपवाद एकच, मूळ बँड तुम्हाला अजिबात झेपत नसेल तर कव्हरच्या दारानं आत जा, ते कसं ते खाली चेलोवाल्या प्रश्नात आहे.

हे मूळ गाण्यासारखं वाटतच नाही, मग मान कसला दिला? उलट वाट लावली की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा रागानं येतो.

आपण कोल्हापूरचे, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, म्हणजे एकच बंदिश वेगवेगळ्या घराण्यांत वेगळी कशी होते हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. देवल क्लबात बसून कुणी असं म्हणत नाही की ही बंदिश मी आधी ऐकलीय तशीच्या तशी गा. उलट तशीच्या तशी गायली तर लोक उठून चहाला जातील. मग गिटार आली की आपण एकदम एवढे कर्मठ का होतो?

माझं स्पष्ट मत आहे, ट्रिब्यूट अल्बम मूळ बँडबद्दल कमी आणि वाजवणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. एन्कोमियम नावाचा लेड झेपलिनवरचा १९९५ चा अल्बम घ्या. शेरिल क्रोनं 'ड्येर मेकर' जवळपास मूळच्या अंगानंच गायलंय, छान आहे, पण दुसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. त्याच अल्बमवर टोरी एमोसनं 'डाउन बाय द सीसाइड' पार संथ, झोपेत चालल्यासारखं केलंय, आणि सोबत गातोय कोण तर खुद्द रॉबर्ट प्लांट. मूळ गायकालाच त्या मोडतोडीत मजा येत्येय तर आपण कोण ओ राग धरणारे?

आता सगळीच मोडतोड चांगली असते असं नाही. 'री-मशीन्ड' वर 'स्मोक ऑन द वॉटर' दोनदा आहे, एकदा सँटाना आणि जेकोबी शॅडिक्सचं आणि एकदा फ्लेमिंग लिप्सचं. फ्लेमिंग लिप्सनी ते इतकं इलेक्ट्रॉनिक आणि विचित्र केलंय की मला अजून त्याच्याशी जमवून घेता आलेलं नाही. पण सँटानाचं ऐकून मान डोलते आणि विसरते, फ्लेमिंग लिप्सचं ऐकून भांडण होतं. दोन्हीत मी भांडणवालं निवडीन.

'री-मशीन्ड' मध्ये काय काय आहे? घ्यावा का?

घ्यावा. २०१२ चा अल्बम आहे, डीप पर्पलच्या 'मशीन हेड' ला चाळीस वर्षं झाली म्हणून काढलेला. म्हणजे बँडवरचा नाही, एका अल्बमवरचा ट्रिब्यूट. मूळ 'मशीन हेड' ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये मॉन्ट्रोला रेकॉर्डिंगला गेले, फ्रँक झप्पा या अमेरिकन गिटारवाल्याच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा जळता बार, उडवली, कॅसिनो जळाला, मग एका रिकाम्या हॉटेलात रोलिंग स्टोन्सची फिरती रेकॉर्डिंग गाडी लावून अल्बम पुरा केला. तीच आग 'स्मोक ऑन द वॉटर' मध्ये आहे.

ट्रिब्यूटवर आयर्न मेडनचं 'स्पेस ट्रकिन', ब्लॅक लेबल सोसायटीचं 'पिक्चर्स ऑफ होम', जिमी बार्न्स आणि जो बोनामासाचं 'लेझी', चिकनफूटचं 'हायवे स्टार' लाइव्ह. बोनामासाची गिटार ऐकण्यासाठी 'लेझी' आधी लावा. बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड हा अल्बम बाहेर यायच्या थोडं आधी, जुलै २०१२ मध्ये गेला, त्यामुळं पहिल्यांदा ऐकताना ऑर्गनच्या जागा जरा जास्तच जाणवल्या.

गिटार शिकणाऱ्या पोरांसाठी एक: 'स्मोक' चा रिफ सगळे एकेका तारेवर पिकनं वाजवतात. पर्पलचा मूळ गिटारवाला ब्लॅकमोर तो दोन तारांवर, एक सूर आणि त्यापासूनचा चौथा सूर अशा जोडीत, पिक न घेता बोटांनी खेचून वाजवतो. आधी ते नीट करा आणि मग कव्हरवाल्यांनी काय बदललं ते ऐका, कान एकदम उघडतील.

मूळ बँडची माणसंच ट्रिब्यूटमध्ये वाजवतात, हे कसं काय? स्वतःच स्वतःला हार घालायचा?

होतं असं, आणि बरंच होतं. वर टोरी एमोससोबत प्लांटचं सांगितलं. 'नेटिव्हिटी इन ब्लॅक' वर 'बुलरिंग ब्रमीज' नावाचा बँड दिसतो, त्यात गीझर बटलर आणि बिल वॉर्ड, म्हणजे सॅबथचे अर्धे लोक, आणि गायला जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड. नावात ब्रमीज आहे कारण ब्रमी म्हणजे बर्मिंगहॅमकर, आपण कोल्हापूरकर म्हणतो तसं. याच अल्बमचा दुसरा भाग २००० ला आला, त्यात तर सॅबथचा गायक ऑझी स्वतः रॅपर बस्टा ऱ्हाइम्ससोबत आहे, 'आयर्न मॅन' चं रॅप करून टाकलंय.

'री-मशीन्ड' चा मामला आणखी गुंतागुंतीचा. त्यावर 'मेबी आय अॅम अ लिओ' गाणारा ग्लेन ह्यूज हा डीप पर्पलचाच, पण 'मशीन हेड' नंतर, १९७३ ला आलेला. चिकनफूटमधला जो सॅट्रियानी ब्लॅकमोर सोडून गेल्यावर काही महिने पर्पलसोबत दौऱ्यावर होता. मग हे घरचे का बाहेरचे? माझ्या हिशोबानं ज्या रेकॉर्डचा मान चाललाय त्या रेकॉर्डवर जो नव्हता तो पाहुणा.

किसवर एवढे ट्रिब्यूट का आहेत?

कारण जे नंतर मोठे झाले ते सगळे लहानपणी किस या तोंड रंगवून वाजवणाऱ्या अमेरिकन बँडच्या मेकअपला भुललेले. १९९० ला 'हार्ड टू बिलीव्ह' नावाचं संकलन आलं, त्यात निर्वाणानं 'डू यू लव्ह मी?' वाजवलंय, 'नेव्हरमाइंड' च्या आधीचा निर्वाणा, म्हणजे कुणी ओळखत नव्हतं तेव्हाचा. मेल्व्हिन्स पण आहेत त्यात.

दुसरा १९९४ चा 'किस माय अॅस', हा बँडच्या स्वतःच्या पाठिंब्यानं निघालेला, आणि हे असलं नाव बँडच्या मान्यतेनं आलंय म्हटल्यावर त्यांचा स्वभाव लक्षात येतोच. यातली यादी वाचूनच चक्रावायला होतं. लेनी क्रॅव्हिट्झच्या 'ड्यूस' मध्ये हार्मोनिका वाजवतोय स्टीव्ही वंडर. जपानच्या एक्स बँडच्या योशिकीनं 'ब्लॅक डायमंड' ऑर्केस्ट्रावर केलंय. 'शँडीज अॅडिक्शन' म्हणून जे नाव दिसतं तो खराखुरा बँड नाही, टूलचा मेनार्ड, रेज अगेन्स्ट द मशीनचे टॉम मोरेलो आणि ब्रॅड विल्क, फेथ नो मोअरचा बिली गूल्ड, एवढ्यापुरते जमलेले. आणि गार्थ ब्रूक्स, कंट्री म्युझिकवाला, काउबॉय हॅट घालणारा, त्यानं 'हार्ड लक वुमन' गायलं आणि मागं वाजवलं किसनंच.

चेलोवर मेटालिका, लोरीत मेटालिका, हे काय विनोद म्हणून करतात का?

काही विनोद म्हणून, काही नाही, ऐकल्यावर कळतं.

फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत शिकणाऱ्या चार चेलोवाल्यांनी अपोकॅलिप्टिका नावानं १९९६ ला मेटालिकाची आठ गाणी नुसत्या चेलोवर काढली. शब्द नाहीत, ड्रम नाहीत. माझ्या ओळखीच्या एका काकूंना मेटालिका म्हणजे मिक्सरचा आवाज वाटतो, पण हा अल्बम त्यांनी स्वयंपाक करता करता सबंध ऐकला आणि चाल चांगलीय म्हणाल्या. ज्यांना मूळ झेपत नाही त्यांच्यासाठी ह्या दारानं आत जा म्हणतो ते यासाठी.

एसी/डीसीवर हेसीड डिक्सीनं २००१ ला ब्लूग्रासमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांकडच्या संगीताच्या ढंगात केलं, बँजो आणि फिडल घेऊन. ते विनोद आहे, पण वाजवणारे पक्के आहेत. त्याच वर्षी मार्क कोझलेकनं 'व्हॉट्स नेक्स्ट टू द मून' काढला, गायक बॉन स्कॉटच्या काळातली एसी/डीसीची गाणी, एक माणूस आणि साधी गिटार. यात विनोद औषधालाही नाही. मूळ गाण्यात जो शब्द गिटारवाल्या अँगस यंगच्या रिफखाली गाडला गेलेला असतो तो इथं समोर येऊन बसतो, आणि कळतं की बॉन स्कॉट एकटेपणाबद्दल किती लिहीत होता. मला विचाराल तर एसी/डीसीवरचं सगळ्यात चांगलं काम हेच.

व्हॅन हेलनवर पण ब्लूग्रास आहे, २००६ चा 'स्ट्रमिन विथ द डेव्हिल', डेव्हिड ली रॉथ स्वतः गायलाय त्यात. लोरीवाली 'रॉकबाय बेबी' मालिका पण २००६ पासूनचीच, मेटालिका सुरुवातीलाच. तान्हं बाळ घरात असेल तर बघा वापरून, आईवडील आधी झोपतात.

मेटालिकाच्या ट्रिब्यूटमध्ये आपले लोक आहेत म्हणे, खरं का?

खरंय भावा. २०२१ चा 'द मेटालिका ब्लॅकलिस्ट', मेटालिकाच्या १९९१ च्या, काळ्या कव्हरमुळं काळा म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अल्बमला तीस वर्षं झाली म्हणून काढलेला. त्यात 'द अनफर्गिव्हन' विशाल दादलानी, डिव्हाइन आणि शोर पोलीस यांनी केलंय, मधे डिव्हाइनचं रॅप. शोर पोलीस म्हणजे क्लिंटन सेरेजो आणि बियांका गोम्स. विशाल दादलानी बॉलिवूडच्या आधीपासून पेंटाग्रामचा गायक, त्यामुळं तो उपरा वाटत नाही.

अल्बम मात्र प्रचंड, ५३ कलाकार आणि मूळ गाणी बाराच. एकट्या 'नथिंग एल्स मॅटर्स' ची बारा कव्हर. सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका, डोकं उठेल. एक गाणं पकडा, त्याची तीन रूपं ऐका, उरलेलं दुसऱ्या दिवशी. इगोर लेव्हिटचं नुसत्या पियानोवरचं आणि मायली सायरसचं, ज्यात एल्टन जॉन आणि यो-यो मा पण आहेत, ही दोन लागोपाठ लावून बघा.

लेड झेपलिनचा भारताशी काहीतरी संबंध होता ना?

होता. बँडचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही स्वतःचीच दोन गाणी परत रेकॉर्ड केली. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, 'कोडा' च्या वाढीव आवृत्तीत. हे कव्हर धरायचं नाही, स्वतःचंच गाणं आहे. पण 'एन्कोमियम' वर रोलिन्स बँडनं तेच 'फोर स्टिक्स' वाजवलंय, मूळ, मुंबईचं आणि रोलिन्सचं अशी तिन्ही एकापाठोपाठ ऐका, तबला ते आरडाओरडा असा प्रवास होतो.

ट्रिब्यूटचे पैसे कुणाला मिळतात?

गाणं ज्यानं लिहिलं त्याला आणि त्याच्या प्रकाशकाला रॉयल्टी मिळते, आणि नवीन रेकॉर्डिंग ज्या कंपनीचं तिला विक्रीचे. म्हणजे मूळ बँडमधल्या ज्या ड्रमरचं किंवा बेसवाल्याचं नाव गीतकार-संगीतकारात नाही त्याला ट्रिब्यूटमधून काही येत नाही, भले लोक त्याच्याच ठेक्यावर नाचत असोत. डीप पर्पलनं 'मशीन हेड' च्या वेळी पाचही जणांची नावं लावली होती, शहाणपणाचं काम.

काही अल्बम मदतीसाठी असतात. गायक रॉनी जेम्स डिओवरचा २०१४ चा 'धिस इज युवर लाइफ' हा डिओच्या नावानं चालणाऱ्या कॅन्सर निधीसाठी निघाला. त्याच अल्बमवरच्या टेनेशियस डीच्या 'द लास्ट इन लाइन' ला २०१५ चं मेटलचं ग्रॅमी मिळालं. 'ब्लॅकलिस्ट' चे पैसे निम्मे मेटालिकाच्या संस्थेला आणि निम्मे त्या त्या कलाकारानं निवडलेल्या संस्थेला.

स्ट्रीमिंगवर एकेका बँडचे वीस-वीस ट्रिब्यूट दिसतात, खरे कुठले आणि भंगार कुठले?

कलाकाराचं नाव बघा. 'अमुक ट्रिब्यूट ऑल स्टार्स' असलं काहीतरी नाव असेल, त्या नावानं दुसरं काहीच नसेल, आणि अल्बमच्या चित्रावर धगधगती आग नाहीतर कवटी असेल तर सावध. ते पगारी वादक घेऊन दोन-तीन दिवसांत उरकलेलं असतं, आणि उद्देश एवढाच की तुम्ही घाईत मूळ गाणं शोधताना चुकून हे लावावं. मूळचं नाव ठळक आणि खरं नाव बारीक अक्षरात, ही त्यांची खूण. पगारी वादक वाईट असतात असं नाही, उलट तयारीचे असतात, पण त्यांना त्या गाण्यात स्वतःचं काही म्हणायचं नसतं. चांगल्या ट्रिब्यूटवर प्रत्येक गाण्यापुढं ओळखीचा बँड असतो.

जुने चांगले अल्बम मात्र स्ट्रीमिंगवर अर्धवट सापडतात, कारण एकेक गाणं वेगळ्या कंपनीकडून उसनं आणलेलं असतं. मधली गाणी करडी दिसली तर तुमचं नेट खराब नाही. सीडी मिळाली कुठं जुन्या बाजारात तर सोडू नका.

ऑझीचा 'ट्रिब्यूट' नावाचा अल्बम यात का नाही?

कारण तो कव्हरचा नाहीच. १९८७ चा 'ट्रिब्यूट' हा ऑझीच्याच बँडचा लाइव्ह अल्बम आहे, बहुतेक १९८१ चं रेकॉर्डिंग, विमान अपघातात गेलेल्या त्याच्या गिटारवाल्या रँडी ऱ्होड्सच्या आठवणीत काढलेला. नावात ट्रिब्यूट, वाजवतोय तोच ज्याचा मान करायचा. जरूर ऐका, फक्त या यादीत नको.

ज्या गाण्याचं कव्हर केलंय ते मूळच कव्हर असेल तर?

इथं भले भले फसतात. जुडास प्रीस्टच्या ट्रिब्यूटसाठी कुणी 'डायमंड्स अँड रस्ट' घेतलं तर मान प्रीस्टचा आणि रॉयल्टी जोन बाएझला, गाणं तिचं आहे. 'द ग्रीन मॅनालिशी' घेतलं तर ते फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनचं. सॅबथचं 'ईव्हिल वुमन' मूळचं क्रो नावाच्या अमेरिकन बँडचं. डीप पर्पलचं पहिलं हिट 'हश' हे जो साउथनं लिहिलेलं, त्यांच्या आधी बिली जो रॉयलनं गायलेलं. पुढं १९९७ ला कुला शेकर या ब्रिटिश बँडनं ते वाजवलं ते पर्पलच्याच अंगानं, मग तो मान कुणाचा? माझा नियम साधा, चाल कुठल्या रूपातून उचललीय ते कानानं ठरवायचं आणि पैशाचं लेबल बघून ठरवायचं. दोन उत्तरं वेगळी आली तर येऊ द्यात.

आमचा बँड आहे, ट्रिब्यूट रेकॉर्ड करायचाय, परवानगी लागते का?

लागते. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ३१ सी आलं, ते कव्हरसाठीच आहे. मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेलेली पाहिजेत. आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि ती दर गाण्याला दर कॅलेंडर वर्षाला कमीत कमी ५०,००० प्रतींच्या हिशोबानं. वेष्टनावर मूळ कलाकाराचं नाव-फोटो लावून लोकांना फसवायचं नाही, हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं.

आता पन्नास हजार प्रतींचा आकडा ऐकून आपल्याकडचे बँड गारच पडतात, साहजिक आहे, त्यामुळं लहान लोक बहुतेक थेट प्रकाशकाकडून किंवा आयपीआरएसमार्फत, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत परवाना बघतात. पैसे गुंतवण्याआधी या विषयातल्या वकिलाला एकदा दाखवा, मी वकील नाही.

शब्द मराठीत करून गायले तर चालतंय का?

परवानगीशिवाय नाही. वरच्या ३१ सी मध्ये तांत्रिक गरजेपलीकडं शब्द-चाल बदलायची सोय नाही, आणि भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा. वाद्यं बदला, ठेका बदला, हलगी घाला, ताशा घाला, पण शब्दांना हात लावायचा तर लेखी परवानगी. हलगीवर 'आयर्न मॅन' कुणीतरी करायलाच पाहिजे असं माझं जुनं मत आहे, तो रिफ हलगीसाठीच आहे.

गणपतीत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं तर?

कॉलेजमध्ये विद्यार्थी आणि शिक्षकांनी वाजवलं, आणि ऐकणारे पण कॉलेजचेच, पालक वगैरे, तर कायद्यात सूट आहे. हौशी क्लबानं तिकीट न लावता वाजवलं तरी सूट आहे. तिकीट लावलं, हॉटेलात वाजवलं, पैसे देऊन बँड बोलावला, की आयपीआरएसचा परवाना आला, आणि तो आयोजकानं काढायचा असतो, ड्रमरनं नाही. मंडळाच्या मांडवात वाजवणार असाल तर कॉपीराइटच्या आधी आवाजाची मर्यादा आणि रात्री दहाचा नियम बघा.

यूट्यूबवर टाकलं तर स्ट्राइक येतो का?

बहुतेक वेळा स्ट्राइक नाही, क्लेम येतो. म्हणजे व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जातात, आणि काही मालक व्हिडिओ बंदच करतात. क्लेम आला म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. मूळ गाण्याचा ट्रॅक मागं लावून त्यावर गिटार वाजवलीत तर मग दोन हक्क लागू होतात, गाण्याचा आणि रेकॉर्डिंगचा, म्हणून ड्रम पण स्वतःच वाजवा.

'मशीन हेड' च्या ट्रिब्यूटवर मेटालिकानं 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' का वाजवलंय? ते मूळ अल्बमवर नव्हतंच ना?

नव्हतं, बरोबर पकडलंत. ते त्याच सत्रात रेकॉर्ड झालं, पण अल्बमवर घेतलं नाही, १९७२ ला 'नेव्हर बिफोर' च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. पुढं 'मशीन हेड' च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते सोबत जोडलं गेलं, त्यामुळं सीडीवाल्या पिढीला ते अल्बमचंच वाटतं. मेटालिकानं ते हळू सुरू करून शेवटी फोडलंय, त्यांच्या जुन्या संथ गाण्यांच्या साच्यात. ज्यांच्याकडं जुनी एलपी आहे ते काका अजून वाद घालतात की हे गाणं ट्रिब्यूटमध्ये धरायचंच नाही. धरायचं.